टर्फ एक नंबर, पण मॅच बघायला लेकराबाळांना नेऊ नका (धुळे, हायवेवरचं टर्फ)

स्टार द्यायचे तर मला दोनदा द्यावे लागतील. खेळायला ५ पैकी साडेचार. मॅच बघायला ५ पैकी १, आणि तो १ पण कँटीनवाल्या काकूंचा आहे, मालकांचा नाही. का ते सविस्तर लिहितो, लांब होईल पण वाचा, विशेषतः ज्यांची पोरं तिथे खेळायला जातात त्यांनी.

मी धुळ्याचाच, इलेक्ट्रिक फिटिंगची कामं घेतो. पोरगी बारा वर्षांची, शाळेच्या टीममध्ये गोलकीपर आहे. मी पण कॉलेजला असताना गरुड मैदानावर गोलमध्येच उभा राहायचो, तेव्हा खाली सगळी मुरमाड जमीन, डाइव्ह मारली की कोपरं सोलून निघायची आणि घरी जाऊन आई हळद लावायची वर शिव्या पण द्यायची. त्यामुळे हायवेला हे टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, झालं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, आणि खेळण्यापुरतं बोलायचं तर आजही माझी काहीच तक्रार नाही. गवत दाट आहे, काळी रबराची भुकटी सगळीकडे सारखी पसरलेली, पावसाळ्यात पाणी साचत नाही, गोलच्या जाळ्या फाटलेल्या नाहीत. सकाळचे रेट परवडतात. बुकिंगमध्ये आजवर एकदाही घोळ झाला नाही, स्लॉट आपला म्हणजे आपला. पोरींच्या टीमला वेगळी चेंजिंग रूम आहे, तिला आतून कडी आहे, ही गोष्ट आपल्याकडे किती दुर्मिळ ते मुलींचे आईबाप समजतील.

आता टूर्नामेंटचं. डिसेंबरमध्ये यांनी रात्रीची सात-सात जणांची टूर्नामेंट ठेवली, बाहेरगावच्या टीम पण आल्या होत्या, तिकीट ५० रुपये, लहान मुलं फुकट. सेमी फायनल होती म्हणून पोरीला घेऊन गेलो. थंडी अशी की मफलर काढवत नव्हता.

पहिली गोष्ट म्हणजे गेट. आत यायला आणि बाहेर जायला एकच गेट, जेमतेम चार फुटांचं, आणि त्याच्या तोंडाशीच मोटारसायकली लावलेल्या, कोणी हटकायला नाही. बाकी चारी बाजूंनी वीस-बावीस फूट उंच जाळी, बॉल बाहेर जाऊ नये म्हणून असते ती, खाली पाइपाला करकचून बांधलेली. आत बल्ल्या-फळ्यांची गॅलरी, मंडपवाल्याकडून ठोकून घेतलेली. वर बसलेल्यांपैकी निम्मे बिड्या-सिगारेटी ओढताहेत आणि फळ्यांच्या फटीतून खाली बघितलं तर जुनी कनात, कागदी प्लेटा, आणि शेजारच्या शेतातून आणलेला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग, बहुतेक शेकोटीसाठी. मी पोरीला तिथून उठवलं आणि खाली कोपऱ्यात येऊन उभा राहिलो. तिला वाटलं पप्पा उगाच घाबरतात. पण वायरिंगच्या धंद्यात वीस वर्षं आग कशी लागते तेच बघत आलोय. ११ मे १९८५ ला इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला असंच लाकडी स्टँड होतं, फटीतून वर्षानुवर्षांचा कचरा खाली साचलेला, मॅच चालू असताना त्याला आग लागली आणि काही मिनिटांत अख्खं स्टँड पेटलं, ५६ माणसं गेली. मागची दारं बंद होती, तिकडे धावले त्यातले बरेच अडकले, आणि जे पुढे मैदानात उतरले ते वाचले कारण मैदानाच्या बाजूला उंच कुंपण नव्हतं. आपल्या इथे मैदानाच्या बाजूला पण जाळीच आहे, हे मी तेव्हा मनात मोजून घेतलं होतं.

दुसरी गोष्ट बाटल्या. कँटीनला गोटी सोडा मिळतो, काचेच्या बाटलीतला. चांगला असतो, मी पण प्यायलो. पण बाटली परत घ्यायला कोणी नाही, लोक घेऊन सरळ गॅलरीत जातात. काही पोरं तर बाहेरूनच 'पिऊन' आलेली, गेटवर वासावरून कळत होतं तरी तिकीट फाडून आत. इंग्लंडमध्ये १९८५ च्याच कायद्याने दारू पिऊन स्टेडियममध्ये शिरायला आणि बाटल्या न्यायला मनाई केली, ते काय त्यांना दारूचा तिटकारा होता म्हणून नाही, मॅचमध्ये हातात बाटली असलेला माणूस काय करतो हे त्यांनी बघून झालं होतं.

तिसरी गोष्ट, माझ्या मते सगळ्यात वाईट, माइकवाला. सुरुवातीला मजा येत होती, मस्त अहिराणीत कॉमेंट्री, लोक हसत होते, पोरगी पण हसत होती. मग लोकल टीमच्या विरोधात एक फाउल गेला आणि याने माइकवरून सुरू केलं, "रेफरी आंधया शे का रे भो!" म्हणजे आंधळा आहे का. पब्लिकने तेच उचललं. एकदा, दोनदा, मग प्रत्येक शिट्टीला. रेफरी म्हणजे कोण, एका शाळेचे रिटायर पीटीचे सर, साठी ओलांडलेले, आमच्या वेळी त्यांनीच आम्हाला ऑफसाइड शिकवला. माइक ज्याच्या हातात त्याने एकदा जरी म्हटलं असतं की बस करा रे, सर आहेत ते, तर मला खात्री आहे निम्मे लोक गप्प बसले असते. त्याने उलट तेल ओतलं.

मग ते सगळं गोलकीपरवर गेलं. बाहेरगावच्या टीमचा गोलकीपर, सतरा-अठरा वर्षांचं पोरगं, सडपातळ, हातातले ग्लोव्हज पण शिवलेले. गोलच्या मागे जाळीला चिकटून पंधरा-वीस जण उभे, त्याच्यापासून चार फुटांवर. आईबहिणीवरून तर होतंच, पण नंतर जातीवरून, गावावरून, रंगावरून सुरू झालं. मी इथे ते शब्द लिहिणार नाही. मी स्वतः गोलमध्ये उभा राहिलेला माणूस आहे, मागून टोमणे येतात, चेष्टा होते, ते चालतं, त्यानेच कातडी जाड होते. पण हे ते नव्हतं. पोरगं बॉल लाथाडायच्या आधी प्रत्येक वेळी बाहीने डोळे पुसत होतं, आणि त्यांना ते दिसलं तसा चेव आला.

पोरगी मला म्हणाली, "पप्पा, हा मेन्याँसारखा बाहेर का नाही जात?" तिला सगळे गोलकीपर पाठ आहेत. २० जानेवारी २०२४ ला इटलीत उदिनेला मिलानचा गोलकीपर माइक मेन्याँ, त्याला गोलच्या मागून माकडाचे आवाज काढत होते, त्याने रेफरीला सांगितलं आणि सरळ मैदान सोडून चालायला लागला, टीम पण त्याच्या मागे. रेफरीने मॅच थांबवली, थोड्या वेळाने परत सुरू झाली. फुटबॉलमध्ये त्याचा नियमच आहे, आधी मॅच थांबवून स्पीकरवर ताकीद द्यायची, तरी ऐकलं नाही तर टीमा आत न्यायच्या, तरीही नाही तर मॅच रद्द. आपल्या सरांनी पण एकदा मॅच थांबवली होती, आयोजकांकडे हात केला की मागच्यांना हटवा. कोणी आलं नाही. ताकीद ज्या स्पीकरवर द्यायची तो स्पीकर तर त्या माइकवाल्याकडे. मी पोरीला काय उत्तर देणार, म्हटलं बेटा त्याच्या मागे कोणी नाहीये.

शेवटच्या पाच मिनिटांत पेनल्टी. बाहेरच्या टीमला मिळाली, बरोबर होती, मी समोरून बघितली. गोल झाला. आणि गॅलरीतून पहिली बाटली आली. सोड्याची. टर्फवर पडून फुटली नाही, दुसरी खांबाला लागून फुटली. तिसरी लाइन्समनच्या खांद्याला. तोवर बाहेरगावची जी तीस-चाळीस माणसं त्याच गॅलरीत मधोमध बसवलेली होती त्यांच्यावर दहा-बारा जण धावून गेले, खुर्च्या उडाल्या, सरांच्या गळ्यातली शिट्टी कोणीतरी ओढून घेतली.

दोन्हीकडचे समर्थक एकाच गॅलरीत बसवणं ही कोणाची आयडिया? कोलकात्याला इडन गार्डन्सवर १६ ऑगस्ट १९८० ला मोहन बागान-ईस्ट बंगालच्या मॅचला मैदानावर भांडण झालं ते स्टँडमध्ये उतरलं, तिथेही दोन्हीकडचे लोक शेजारी शेजारी होते, १६ जण जीवानिशी गेले. मॅच बघायला घरून निघालेली माणसं. अजून त्या तारखेला तिकडे त्यांच्या आठवणीत रक्तदान करतात. आणि ब्रॅडफर्डनंतर तीनच आठवड्यांत, २९ मे १९८५ ला ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचे लोक मधली तकलादू जाळी पाडून इटलीच्या युव्हेंट्सच्या लोकांवर धावले, ते बिचारे भिंतीकडे सरकले, भिंत कोसळली, ३९ मेले. इंग्लंडच्या सगळ्या क्लबांना ५ वर्षं युरोपात खेळू दिलं नाही. तिथे मधे निदान जाळी तरी होती.

आणि आता जे झालं त्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितोय. आयोजकांपैकी कोणीतरी, पब्लिक पांगावं म्हणून, लाइट बंद केले.

सगळे फ्लड एकदम बंद. टर्फवरचे लाइट मेटल हॅलाइडचे आहेत, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा दिवा गरम असताना बंद केला की लगेच परत पेटत नाही, आधी थंड व्हावा लागतो, पाच-दहा मिनिटं कितीही बटण दाबा, काही होत नाही. म्हणजे ज्याने बटण खाली केलं त्याला वाटलं असेल मिनिटभर अंधार करू आणि परत चालू करू, पण ते त्याच्या हातात राहिलंच नाही. जनरेटर चालू, डीजे चालू, आणि मैदानावर काळोख. भांडणारे दहा-बारा होते हो. बाकी तीन-चारशे माणसं, बाया, पोरं, ज्यांनी कोणाला बोट लावलं नव्हतं, ती सगळी एकाच वेळी त्या चार फुटी गेटकडे निघाली, आणि गेटच्या बाहेर मोटारसायकली.

मला पहिल्यांदा कळलं की गर्दीत माणूस पडून नाही गुदमरत, उभ्या उभ्या गुदमरतो. माझे हात छातीशी अडकले, वर काढता येईनात, पोरगी माझ्या पोटाशी, तिचं डोकं मला दिसत नव्हतं, फक्त ती "पप्पा पप्पा" करत होती आणि मग ते पण थांबलं, त्या दोन-तीन सेकंदांचं मी काही लिहू शकत नाही. मागून आवाज, "चला ना पुढे!" पुढून आवाज, "मागे व्हा!" पुढच्याला मागचं दिसत नाही, मागच्याला पुढचं.

वाचवलं कँटीनवाल्या काकूंनी. त्यांची टपरी जाळीला लागून आहे, त्यांनी कांदे कापायची सुरी घेतली, जाळीच्या खालच्या दोऱ्या कापल्या, जाळी खांद्यावर उचलून धरली आणि ओरडायला लागल्या, "पोरेसले पहिले काढा रे, पोरेसले!" मोबाइलचा टॉर्च लावून त्यांच्या मुलाने वाट दाखवली. त्या भोकातून पन्नास-साठ लोक बाहेर गेले तशी गेटवरची दाटी सैल झाली आणि आम्हाला श्वास मिळाला. पोरीच्या बरगड्यांना मुका मार, एका आजोबांचा हात मोडला, काहींना खरचटलं. एवढ्यावर निभावलं. काकूंचं नुकसान झालं, कढई सांडली, भजी गेली, त्यांनी कोणाकडे एक रुपया मागितला नाही.

दोन दिवसांनी मी फोन केला. मालक नीट बोलले, उद्धटपणा नाही, हे पण लिहायला पाहिजे. पण म्हणाले, "दादा, आपल्या खान्देशचं पब्लिकच तापट आहे, त्याला आम्ही काय करणार." हे मला मान्य नाही. हेच पब्लिक सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारात खांद्याला खांदा लावून हिंडतं. हेच पब्लिक कानबाईच्या सणाला रात्रभर जागतं, सकाळी वाजतगाजत नदीवर जातं, तिथे कोणी बाटली फेकत नाही. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पेठांच्या टीम खेळतात, तिथे पण हुल्लडबाजीच्या बातम्या आपण वाचतो, आणि फुटबॉलवर त्यांच्याइतकं प्रेम महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच असेल. लोक तेच असतात. त्यांना कुठे बसवलं, हातात काय दिलं, माइकवर कोण आहे आणि बाहेर पडायला दार आहे की नाही, यावर रात्र कशी संपणार ते ठरतं. आणि हे सगळं तिकीट विकणाऱ्याच्या हातात असतं.

"पब्लिक खराब" हे वाक्य तर मला फार लागतं. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डला हिल्सबरो स्टेडियमवर लिव्हरपूलचेच समर्थक चेंगरून मेले, एकूण ९७. पोलिसांनी सुरुवातीपासून सांगितलं की हे दारुडे होते, यांनीच गेट तोडलं. लोकांनी विश्वास पण ठेवला, कारण हेझेलला चारच वर्षं झाली होती. मेलेल्यांच्या घरच्यांनी २७ वर्षं लढून २०१६ मध्ये ज्युरीकडून म्हणवून घेतलं की समर्थकांचा काही दोष नव्हता, गेट पोलिसांनीच उघडायला लावलं होतं आणि आधीच भरलेल्या पिंजऱ्यात लोक सोडले होते. पिंजराच तो, हुल्लडबाज मैदानात उतरू नयेत म्हणून पुढे लावलेली जाळी. हुल्लडबाजांसाठी लावलेल्या जाळीने साध्या माणसांचा जीव घेतला.

आणि लाइट बंद करण्याबद्दल. २४ मे १९६४ ला पेरूत लिमाला रेफरीने गोल नाकारला म्हणून दोघंजण मैदानात घुसले, पोलिसांनी स्टँडमध्ये अश्रुधूर सोडला, लोक जिन्यांवरून खाली पळाले तर खालची शटर बंद. सरकारी आकडा ३२८. घुसले होते दोन. १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियात मलंगला तेच, हरलेल्या टीमचे काही लोक मैदानात उतरले, अश्रुधूर थेट स्टँडवर, दारं अरुंद, काही धड उघडलेली नाहीत, १३५ मेले, त्यात लहान मुलं होती. त्यांनी धूर सोडला, आपल्या इथे अंधार केला. मालकसाहेब, तुम्हाला ही तुलना जास्त वाटली असेल, फोनवर तुम्ही तसं म्हणालात पण. ज्या तीन सेकंदांत माझ्या पोरीचा आवाज बंद झाला तेव्हा मला ती जास्त वाटली नाही.

पुढच्या टूर्नामेंटच्या आधी काय करता येईल ते मी फोनवर सांगितलंय, इथे पण लिहितो म्हणजे विसरायला नको. समोरच्या बाजूला दुसरं गेट काढा, आठ फुटांचं, बाहेर उघडणारं, आणि मॅच चालू असताना त्याला कुलूप नको, एक माणूस उभा करा. गाड्या लांब लावायला लावा. सोडा कागदी ग्लासात द्या, काकू तयार आहेत, मी विचारलंय. गोलच्या मागे कोणालाच उभं करू नका, पंधरा फूट दोरी बांधून जागा मोकळी ठेवा. बाहेरगावचे लोक वेगळे बसवा, त्यांना आधी बाहेर काढा. माइकवाला बदला, किंवा त्यालाच बसवून समजवा, पोरगा हुशार आहे, जीभ चांगली आहे त्याची. जे शिव्या देत होते, बाटल्या फेकत होते, ते कोण होते हे सगळ्या गावाला माहितीये, व्हिडिओ फिरताहेत, त्यांना वर्षभर टर्फवर येऊ देऊ नका, खेळायला पण नाही. इंग्लंडमध्ये कोर्ट अशा माणसाला वर्षानुवर्षं मॅचला जायला बंदी घालतं, देशाबाहेर मॅच असली की पासपोर्ट पोलीस चौकीत जमा करायला लावतं. आपल्याला एवढं नको, नुसतं बुकिंग घेऊ नका, बस. आणि फ्लडच्या जोडीला गेटपाशी चार एलईडी लावा, बॅटरीवरचे, मेन बंद झालं तरी पेटणारे. ते मी येऊन फुकट लावून देतो, सामानाचे पैसे पण नकोत.

मालक म्हणाले बघू. अजून फोन आला नाही.

गेल्या रविवारी सकाळी ६ चा स्लॉट घेतला. पोरगी तीन आठवडे ग्लोव्हजला हात लावत नव्हती, मीच म्हटलं चल, फक्त आपण दोघं. टर्फवर दव पडलेलं, काकूंनी जाळी नव्या दोरीने शिवून घेतलेली, पण खालच्या बाजूला त्यांनी गाठ न मारता नुसता फास ठेवलाय, ओढला की सुटेल असा. मला दाखवला त्यांनी. पोरीने तासभर बॉल अडवले, बोलली कमी. जाताना गोलच्या मागे गवतात तिला काचेचा तुकडा सापडला, सोड्याच्या बाटलीचा गळा, तीन आठवडे तिथेच होता आणि रोज पोरं तिथे डाइव्ह मारताहेत. तो मी रुमालात गुंडाळून ऑफिसच्या काउंटरवर ठेवून आलोय.